आधी गादी हलवा!

पेपर खाली ठेवा आणि आहात त्या खोलीत एक जोरदार टाळी वाजवा. टाळीच्या मागोमाग बारीकसा ‘टिर्रर्र’ ऐकू आला? समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींवर तुमची टाळी आपटत राहिली, त्याचा तो आवाज. तुम्ही लावलेल्या प्रत्येक गाण्याचं या खोलीत हेच होत असतं. आणि आपण म्हणतो, स्पीकरच फालतू आहेत, बदलायला हवेत.

मीही तेच म्हणत होते. इंटर्नशिपचा चार महिन्यांचा स्टायपेंड साठवून सेकंडहँड बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणली. टेबलाच्या दोन टोकांना, भिंतीला चिकटवून ठेवली. त्यातला एक तर थेट कोपऱ्यात. उद्घाटनाला आजोबांचं नाट्यसंगीत लावलं. दोन मिनिटांत आजोबा म्हणाले, ‘‘नुसतं घुमतंय गं. शब्द कुठायत?’’ मला वाटलं, ऐंशीच्या कानांचा दोष. दुकानदाराचा सल्ला ठरलेला होता: हे परत द्या, वर फक्त ८ हजार टाका, पुढचं मॉडेल घ्या. मी जवळजवळ टाकलेच होते.

तेवढ्यात घरात लग्न निघालं. पाहुण्यांसाठी आणलेल्या कापसाच्या गाद्या माझ्या खोलीत, कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीशी रचल्या. जागा करायला टेबल दीड-दोन फूट पुढे ओढलं. संध्याकाळी गाणं लावलं तर आजोबा दारातूनच म्हणाले, ‘‘नवे आणलेस का?’’ स्पीकर तेच होते. खर्च शून्य.

हा योगायोग नाही, फिजिक्स आहे, आणि तेही जुनं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या हॉलमध्ये प्राध्यापकांची लेक्चर्सच कळेनात. एकदा उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा. तोवर पुढचं अख्खं वाक्य बोलून झालेलं! वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. हा माणूस रात्री जवळच्या थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायचा, मोजमाप घ्यायचा आणि सकाळच्या आत त्या परत नेऊन ठेवायचा. खोलीतल्या आवाजाचं आजचं शास्त्र त्यातून उभं राहिलं.

आपल्या खोल्यांचं दुखणं आणखी अवघड. १० बाय १०ची खोली, उंचीही साडेनऊ-दहा फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला, तर १० फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो. लांबी, रुंदी, उंची जवळपास सारखी, म्हणजे तिन्ही दिशांना तोच सूर फुगणार. ते घुमणं तिथून येतं. त्यात खाली टाइल्स, बाजूला गिलावा, खिडकीला काच. आवाज शोषून घेणारं काहीच नाही.

यावर रील्समधला उपाय म्हणजे काळा टोकेरी फोम आणि एलईडीच्या पट्ट्या. (अंड्यांचे ट्रे चिकटवणारेही आहेत, त्यांना माझा नमस्कार.) माझं मत स्पष्ट आहे: इंचभर फोमवर पैसे घालवू नका. ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी तब्बल २० फूट. तिच्यापुढे एक इंचाचा स्पंज म्हणजे मच्छरदाणी! तो फक्त वरचे सूर खातो. मग गाणं बसक्या गळ्याचं वाटतं आणि घुमणं तसंच राहतं. शिवाय साधा स्पंज आणि ट्रे पटकन पेट घेतात, आणि हॉस्टेलच्या वायरिंगची अवस्था आपल्याला माहीत आहे.

त्यापेक्षा एक रविवार द्या. दोन्ही स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून जमेल तितके पुढे आणा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. ट्विटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारा तो छोटा गोल, कानाच्या उंचीला हवा. खाली जुनी गाइड्स रचा, कुठेतरी उपयोगी पडू देत. खोलीच्या बरोबर मध्यात बसू नका, तिथे तोच बेस गायब होतो. मग एखाद्या मित्राला चहावर पटवा. तुम्ही खुर्चीत बसा आणि त्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करा. आवाज तिथूनच आपटून तुमच्याकडे येतो. त्या जागी आजीची जाड गोधडी दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. पुढ्यात सतरंजी, मागे पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात गुंडाळलेली गादी. आता परत टाळी वाजवून बघा.

एका बाबतीत मात्र फसू नका. यातलं काहीही शेजारी जाणारा आवाज अडवत नाही. त्याला वजन लागतं: जाड भिंत, घट्ट बसणारं दार, बुजवलेल्या फटी. भाड्याच्या खोलीत ते जमणार नाही, आणि ‘साउंडप्रूफ फोम’ म्हणून जे विकतात त्याने तर नाहीच नाही. आमच्या खालच्या काकूंची मुलगी यंदा बारावीला आहे. माझा बेस थेट तिच्या टेबलावर उतरतो, हे तिनेच मला जिन्यात सांगितलं, तेही बरंच सांभाळून. तेव्हापासून तिचं टाइमटेबल माझ्या भिंतीवर आहे. सहा ते आठ ती क्लासला असते. आजोबा पावणेसहालाच खुर्चीत येऊन बसतात.