घडीचा चाकू

भाची शिकायला पुण्याला गेली तेव्हा दादाने तिला घडीचा चाकू दिला. "असू दे जवळ!" दादा हा ब्लॉग वाचतो, म्हणून इथेच भांडते.

चाकू मी हाताळून पाहिला. पातं उघडायला नखाची खाच, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. आणि एक हात कुणी धरलेला असेल तर? अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ साली पात्याला गोल भोक पाडलं ते एकाच अंगठ्याने उघडता यावं म्हणून. पुढे एमर्सनने पात्याच्या पाठीवर आकडा काढला. तो खिशाच्या काठाला अडकतो आणि चाकू बाहेर येतानाच उघडतो. झकास! फक्त पंजाबी ड्रेसला खिसा कुठे असतो? चाकू राहणार पर्समध्ये, छत्री नि डब्याच्या खाली.

शिवाय मुठीपुढे बोटं अडवणारं काहीच नाही. घामेजलेला हात घसरला की कापणार आपलीच बोटं. पातं रोखून धरणारी पट्टी तर इतकी पातळ, की पात्याची पाठ ओट्यावर जरा आपटली आणि मिटलंच! (आई, बोटं बाजूला होती.)

जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले, तेव्हाही मी अशीच चिडले होते. देणाऱ्याला वाटतं, झालं आपलं काम.

दादा, चाकू माझ्याकडे आहे, पेरू छान कापतो. तिचा क्लास रात्री साडेनऊला सुटतो. तू पुण्यातच असतोस, स्कूटर आहे. कधीपासून जातोस आणायला?