फुकटचा मोबाईल आणि तुमचे पाच जण

‘पाच जण जोडा, मोबाईल फुकट’ अशी लिंक तुमच्या फोनवर आली असेल, तर ती पुढे पाठवू नका. बोट आत्ताच थांबवा, हे वाचून झाल्यावर नाही.

आपल्या खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला जाणारा एक पोरगा परवा माझ्या रिचार्जच्या दुकानात आला. अशाच दुसऱ्या एका लिंकच्या स्क्रीनवर १,९९० रुपये जमा, २,००० झाले की काढता येतात म्हणे. ‘‘भाऊ, दहाच रुपये बाकी हायेत. तुमचा नंबर टाकू काय?’’ त्याआधी त्याने मावशीला, दोन दोस्तांना आणि सुपरवायझरला जोडलं होतं. ‘प्रोसेसिंग’चे ४९९ भरले होते, ते वेगळेच. आधी माणसामागे आकडा पन्नासने वाढायचा, आता पन्नास पैशांनी सरकतो. मी त्याला म्हटलं, बाप्पा, हे दहा रुपये जन्मात भरत नाहीत.

हिशेब करून पाहा. एकाने पाच जोडले, त्या पाचांनी प्रत्येकी पाच. असं नऊ पायऱ्या चाललं तर २४,४१,४०५ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या होती २४,०५,६६५. म्हणजे अख्खं नागपूर संपलं, तरी शेवटच्या पायरीवरचे मोबाईलची वाटच बघत बसणार.

सगळ्याच रेफरल ऑफर खोट्या असतात असं मी म्हणत नाही. २०१७ मध्ये गुगलचं पैसे पाठवायचं ‘तेज’ ॲप आलं तेव्हा माणूस जोडला की ५१ रुपये मिळायचे, मलाही मिळाले. पण ते कंपनीच्या जाहिरातीच्या खर्चातले. घेताना कुणी आपल्याकडून आधी पैसे मागितले नाहीत. बक्षीस देणारा तुमच्याकडे जीएसटी, कुरिअर, ‘अॅक्टिव्हेशन’ मागू लागला की समजा, बक्षीस त्याला लागलंय. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत लोकांचे पैसे गुंतवून घेणाऱ्या टोरेस या दागिन्यांच्या कंपनीची दुकानं बंद पडली, तेव्हा दादरला लोकांची गर्दी उसळली. तिथेही माणूस आणणाऱ्याला बक्षिसाची लालूच होतीच. अशा वेळी कंपनीवाला सापडत नाही. मावशीच्या दारात तुम्हीच सापडता. १९७८ च्या कायद्याने अशी पैसे फिरवण्याची योजना चालवणंच नव्हे, तिच्यात सदस्य जोडणं आणि भाग घेणंही गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

कॉलेजच्या पोरांना वेगळं सांगतो. ‘तुझं खातं दे, त्यात पैसे येतील, दहा टक्के तुझे’ असं कुणी म्हणालं तर देऊ नका. तो दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा पैसा असतो. खातं गोठतं, आणि पोलीस खात्यावरच्या नावाने घरी येतात.

पैसे गेले असतील तर लाजू नका, उद्यावर ढकलू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तो अडवता येतो. चॅट पुसू नका, व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा. ज्यांना लिंक पाठवली त्यांना आज रात्रीच फोन करून सांगा. बचत गटाच्या ताईंनी ग्रुपवर ‘अशी लिंक पुढे पाठवू नका’ एवढा एक निरोप टाकावा.

फोन लावायला जमत नसेल तर दुकानात या. त्या पोराचा मी माझ्यासमोरच लावून घेतला. मावशीला मात्र त्याने अजून सांगितलेलं नाही.