गोदामाची चाबी

हातात चार पैसे आले की माणसाला जमीन घ्यावीशी वाटते. जमीन मिळत नसेल तर प्लॉट, आणि प्लॉटही परवडत नसेल तर आजकाल गोदाम घ्यावे असे अनेकांच्या मनात येते. आपल्या मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात आणि नदीपलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शीकडे बंद पडलेल्या राईस मिलची गोदामे विकाऊ असल्याचे अधूनमधून कानी येते. घेणारा बहुतेक वेळा नागपूरला किंवा पुण्याला नोकरीत असतो. "भाडे येत राहील, आपण फोनवर बघू," असे तो म्हणतो. आमच्या घरात हेच झाले. म्हणून आज त्याविषयी लिहितो.

माझे थोरले बंधू शिक्षकी पेशातून निवृत्त झाले आणि नागपूरला मुलाकडे राहायला गेले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी अठरा लाखांना एक जुने गोदाम घेतले. विकणाऱ्याने त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला होता. लांबी १८ मीटर, रुंदी ९ मीटर, थप्पीची उंची ४ मीटर, म्हणजे ६४८ घनमीटर. घनमीटरला ०.४ टन या नेहमीच्या मापाने २५९ टन, म्हणजे ४० किलोचे ६,४८० कट्टे. महिन्याला कट्ट्यामागे पाच रुपये धरले तर वर्षाचे ३,८८,८०० रुपये! बंधूंनी आयुष्यभर गणित शिकवले, पण हे गणित त्यांनी तपासले नाही.

गुणाकार बरोबर होता, चूक मांडणीत होती. भिंतीपासून हात-दोन हात जागा सोडावी लागते, थप्प्यांमधून माणूस फिरला पाहिजे, म्हणून सगळे माप कधीच भरत नाही. शिवाय धान कार्तिक-मार्गशीर्षात येते आणि वैशाखापर्यंत बरेचसे निघून जाते. बारा महिने गोदाम भरलेले राहत नाही. पहिल्या वर्षी बंधूंकडे सरासरी तीन हजार कट्टे सहा महिने राहिले. भाडे आले नव्वद हजार. राखणदाराला महिना सहा हजार दिले असते तर वर्षाचे बहात्तर हजार तिथेच गेले असते आणि अठरा हजार उरले असते. अठरा लाखांवर अठरा हजार म्हणजे शेकडा एक! त्यातून विमा, वीज आणि पत्र्यांची दुरुस्ती. बँकेतल्या ठेवीने याहून कितीतरी जास्त दिले असते.

बंधूंनी मग काय केले? राखणदाराला महिना दोन हजारच दिले. माणूस चांगला, गावातलाच, अडीच एकराच्या बांधीचा मालक. दोन हजारांत त्याने सकाळ-संध्याकाळ कुलूप पाहावे, उंदीर पाहावेत, वही लिहावी आणि रात्रीही एक फेरी मारावी अशी आमची अपेक्षा होती. गोदाम गावाबाहेर, जंगलाच्या कडेला. या भागात वाघ किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. "रात्री एक चक्कर मारून ये" असे नागपुरात बसून सांगणे फार सोपे असते.

एप्रिल २०२५ मध्ये एका सकाळी वादळ आले आणि गारा पडल्या. छपराचे दोन सिमेंटचे पत्रे फुटले आणि पाणी थेट थप्पीवर पडू लागले. शेजारच्या शेतातल्या बायांनी ते पाहिले, धावत आल्या, पण दाराला कुलूप. दिवस मोहफुलांचे. राखणदार पहाटेच घरच्यांबरोबर मोहफूल वेचायला गेलेला, आणि चाबी त्याच्या कमरेला. फोनला तिथे रेंज नाही. "चाबी जंगलात गेली," असे त्याच्या म्हाताऱ्या आईने सांगितले. गोदामाला कॅमेरा होता. पण तो फाटकाकडे तोंड करून लावलेला, आणि वादळात वीज गेल्यावर तोही बंद पडला. बंधूंना तिसऱ्या दिवशी कळले. तोवर आतले कट्टे गरम झाले होते, काहींना मोड आले होते, काही काळे पडले होते. मोजले तेव्हा ८४ कट्टे निघाले.

३३ क्विंटल ६० किलो धान. त्या हंगामाचा हमीभाव २,३०० रुपये धरला तरी ७७,२८० रुपये होतात. बरेचसे धान एचएमटी होते. म्हणजे आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेले ते बारीक वाण. जुना झालेला बारीक तांदूळ जास्त भावाने जातो म्हणून लोक ते राखून ठेवतात. त्यातले वीस कट्टे एका विधवा बाईचे होते. मुलीचे लग्न पुढच्या महिन्यात होते.

बंधूंनी सगळ्यांचे पैसे भरून दिले. वर्षाचे भाडे जवळजवळ तिथेच संपले. राखणदारावर कोणी रागावले नाही, आणि ते बरोबरच झाले. दोन हजारांसाठी मोहफुलांचा हंगाम कोण सोडील? चूक आमची होती. एकच चाबी, ती एकाच कमरेला, आणि मालक दीडशे किलोमीटरवर.

आता हे पैसे भरून देणे केवळ भलेपणा होता का? नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गोदाम घेणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ती ठाऊक नसते. दुसऱ्याचा माल तुम्ही ताब्यात घेतला, कुलूप तुमचे, चाबी तुमची, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे तुम्ही तो माल सामान्य शहाणा माणूस स्वतःचा माल सांभाळतो तसा सांभाळला पाहिजे. पण तुम्ही नुसती जागा भाड्याने दिली, कुलूप भाडेकरूने स्वतःचे लावले आणि मालही त्याच्याच ताब्यात राहिला, तर गोष्ट वेगळी. मग तुमच्याकडे छप्पर, भिंती आणि वाट. आतला माल त्याचा त्याच्याकडे. छप्पर गळले तर मात्र तुम्ही सुटत नाही, हेही लक्षात ठेवा.

अमेरिकेत १९६० च्या दशकापासून या दुसऱ्या पद्धतीचा मोठा धंदा झाला आहे. एका आवारात रांगेने लहानमोठ्या खोल्या असतात, ज्याने जी घेतली तिला त्याचे कुलूप. मालक दूरच्या गावी राहिला तरी चालते. आपल्या मोठ्या शहरांतही घर बदलणारी मंडळी अशा खोल्या घेऊ लागली आहेत. दुरून चालवायचे असेल तर आपल्यालाही हाच मार्ग बरा असे माझे मत झाले आहे. बंधूंनी आता अर्ध्या गोदामात शंभर-शंभर कट्ट्यांचे सहा खण पाडले आहेत.

पण धानाचे गोदाम म्हणजे पलंग-कपाटांचे गोदाम नव्हे. एकाच्या धानातला सोंडा दुसऱ्याच्या धानात जातो, तो कुलूप पाहून थांबत नाही. नुसत्या जाळीचे खण पाडले तर हवा खेळते, पण कीडही खेळते. भिंती छपरापर्यंत न्याव्यात तर वर झरोके ठेवावे लागतात. कीड मारण्याच्या विषारी वायूच्या गोळ्या तर परवाना असलेल्या जाणकारानेच ठेवाव्यात. एका खणात गोळ्या आणि शेजारच्या खणात माणूस, म्हणजे जिवाशी खेळ. आणि खण कोणाचाही असो, ओले धान आत येता कामा नये. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पण महिनोन्महिने ठेवायचे धान १४ टक्क्यांच्या आत असावे. "केंद्रावर घेतात, मग तुम्ही का नाही?" असे शेतकरी विचारणारच. ओलावा मोजायचे लहान यंत्र दारापाशी ठेवा आणि त्याच्यासमोरच माप दाखवा. म्हणजे स्वतःचे कुलूप असले तरी दारात एक माणूस लागतोच. बिनमाणसाचे गोदाम आपल्याकडे चालायचे नाही.

पावसाळ्यात रिकाम्या जागेचे काय, हाही प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यांत त्याला तेंदू हे उत्तर आहे. मे महिन्यात पाने तोडून, वाळवून बोद भरले की ठेकेदारांना आणि ग्रामसभांना पावसाळाभर कोरडी जागा हवी असते, आणि धान तेव्हाच निघून गेलेले असते. मात्र तेंदूला आगीची भीती मोठी. विमा कंपनीला आत काय ठेवणार ते आधी लेखी कळवा. धान लिहून तेंदू ठेवला तर भरपाईच्या वेळी वाद होईल. (तेंदूच्या गोदामाचा राखणदार विडी ओढणारा नको, हेही सांगून ठेवतो. मिळणे कठीण आहे.) आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासूनचे, त्यांच्या धान खरेदीलाही जागा लागते, आणि कित्येक केंद्रांवर धान ताडपत्रीखाली उघड्यावर राहिलेले आपण पाहतो. त्यांना किंवा कोणाही संस्थेला जागा दिलीत तर करार लेखी करा आणि नोंदवून घ्या.

तारण कर्जाच्या नावानेही गोदामे विकली जातात. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने मिळते. योजना चांगली, पण ती बाजार समितीमार्फत चालते. वखार महामंडळाची पावती, किंवा २००७ च्या कायद्याखाली नोंदलेल्या गोदामाची पावती बँक मानते. तुमच्या वहीतल्या चिठ्ठीवर बँक पैसे देईल असे शेतकऱ्याला सांगू नका. तसेच २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षे तीन टक्के व्याजाची सवलत आहे, पण जुने गोदाम विकत घेताना ती लागू पडेल असे धरून चालू नका. बयाणा देण्याआधी बँकेत विचारा.

बयाणा म्हटला म्हणून सांगतो, भिंती पाहण्याआधी सातबारा पाहा. नुसता आजचा नको, जुने फेरफार काढा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खालील परवानगीशिवाय घेता येत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात अशी जमीन हातची गेली असेल तर ती मूळ मालकाला परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे. जुन्या मिलखालची जमीन कोणाची होती हे म्हणून तपासायचे. भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले दिसले तर थांबा आणि तहसीलात विचारा. झुडपी जंगलाची नोंद असेल तर मग नादच सोडा. पूर्व विदर्भातल्या अशा जमिनी वनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. जमीन अकृषिक झाली आहे की नाही, तेही पाहा.

मग जागा पाहायला जा, आणि जमल्यास पावसात जा. वैनगंगेकाठचे असेल तर गावातल्या वृद्धांना ऑगस्ट २०२०च्या पुराचे पाणी कुठवर आले ते विचारा. सिरोंच्याकडे असेल तर जुलै २०२२ चे. भिंतीवर चुना नवा असला तरी पुराची रेष लोकांच्या लक्षात असते. जोते अडीच-तीन फूट उंच हवे, नाहीतर उंदीर तुमच्याआधी ताबा घेतात.

आमच्या गोदामाला आता दोन चाब्या आहेत. एक राखणदाराकडे, दुसरी गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षबाईंकडे. त्यांच्या गटाला महिन्याला वेगळे पैसे मिळतात. राखणदाराचा पगार सहा हजार केला आहे. वहीच्या पानाचा फोटो दर बाजारच्या दिवशी व्हॉट्सॲपवर येतो. रेंज नसली तर संध्याकाळी येतो, पण येतो. बंधू वर्षातून तीनदा स्वतः जातात: धान यायच्या आधी, मोहफूल पडायच्या आधी, आणि मृगाच्या आधी. फाल्गुनात ते शिडी लावून छपरावर चढले, वहिनींना सांगितले मात्र नाही.

पैसे अजून म्हणावे तसे सुटत नाहीत. खोट दिसली तरी विकायला ते तयार नाहीत. पहिला खण त्या विधवा बाईंनीच घेतला. कुलूप त्यांनी स्वतःचे आणले, पितळेचे, आणि बंधूंना विचारले, "मास्तर, कुलपाचे पैसे भाड्यातून कापणार ना?"

बंधूंनी कापले.