कागद कोणत्या कप्प्यात ठेवाल?

नाशिकमध्ये पुस्तकांच्या दुकानात शिरलं की पहिली गाठ पडते ती स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांशी. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुकानाचं भाडं तेच गठ्ठे भरतात आणि त्यांच्या जिवावर मागच्या भिंतीवर कविता तग धरून असते. माझं म्हणणं आहे ते त्या मागच्या भिंतीबद्दल.

तिथं कादंबरी, कविता, चरित्र, अनुवादित असे कप्पे असतात आणि अगदी खाली धर्म-अध्यात्म. एका दुकानात हमीद दलवाईंची ‘इंधन’ मला या खालच्या कप्प्यात मिळाली, कुराणाच्या मराठी भाषांतराला टेकून. १९६५ साली आलेली, कोकणातल्या एका गावाची गोष्ट सांगणारी ही कादंबरी. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणाऱ्या दलवाईंना तो शेजार कसा वाटला असता, कोण जाणे! पुस्तक लावणाऱ्या मुलानं मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव वाचलं आणि कप्पा ठरवला, इतकंच झालं असावं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण कादंबरी शोधणारा वाचक तिथं वाकणार नाही आणि ‘इंधन’ तिथंच धूळ खाणार.

आता गंमत बघा. ज्या दुकानात हे घडलं, त्या ‘दुकान’ या शब्दाचा कप्पा कोणता? तो अरबी-फारसीतून आला. कागद फारसी. शाई म्हणजे फारसीतली सियाही, काळेपणा. दौत आणि कलम अरबी. मसुदा हा तर माझा विशेष लाडका शब्द आहे. मुळात त्याचा अर्थ ‘काळा केलेला’. कच्चं लिखाण करताना कागदाची काय दशा होते ते ज्यानं पाहिलं असेल, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मजकूर अरबी, रद्दीसुद्धा अरबी मुळाची. म्हणजे पुस्तक मसुद्यात असल्यापासून ते किलोवर जाईपर्यंत हे शब्द त्याची सोबत सोडत नाहीत. आणि दप्तर! फारसीत ती नोंदवही. मराठीनं ते सरळ पोरांच्या पाठीवर दिलं.

हे शब्द बदलायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशात लेखनवर्ग असा वेगळा भागच आहे. लिहिण्या-वाचण्याच्या व्यवहारातल्या परक्या शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. पुढं आमच्या नाशिकजवळच्या भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यांचा महापौर रुजला, दिनांकही अर्जावर विराजमान झाला. कोर्टात मात्र अजून तारीखच पडते. मला दोन्ही हवेत. घरात किताब आणि बाहेर पुस्तक म्हणत वाढलेल्या माणसाला एकाच अर्थाचे दोन शब्द म्हणजे अडचण वाटत नाही, चैन वाटते. तरीही कुणी कौतुकानं “तुमचं मराठी किती छान आहे हो!” म्हणालं, की मी हसून गप्प बसतो. त्या कौतुकातही मला तो खालचा कप्पा दिसतो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ही भानगड फार सोप्या रीतीनं सोडवली आहे. शब्द कुठून आला ते कंसातलं एखादं अक्षर सांगतं. संस्कृतला एक, अरबीला एक, फारसीला एक. मूळ लपवलेलं नाही. पण रांग सगळ्यांची एकच, वर्णानुक्रमाची. काकडी आणि काच यांच्यामध्ये कागद बसतो. त्याला वेगळ्या पानावर जा म्हणून कुणी सांगत नाही.

दुकानदारांनी एवढंच करावं. ‘इंधन’ कादंबऱ्यांत लावा, दलवाईंचीच ‘लाट’ कथासंग्रहांत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ संतसाहित्यात, ज्ञानेश्वरी आणि गाथेच्या ओळीत. मुस्लिम मराठी साहित्य असा कप्पा अभ्यासकांना लागतो, हे मला मान्य आहे. ती चळवळही मोलाची आहे. पण मग दोन प्रती मागवा, एक इकडे आणि एक तिकडे. एवढा धंदा होत नाही म्हणाल, तर एकच प्रत कादंबऱ्यांत ठेवा.

कारण दुकानात माणूस शेजारामुळे खरेदी करतो. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ मी तशीच उचलली. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाल्याचं ऐकून होतो, पण हात गेला होता दुसऱ्याच पुस्तकाकडे. धरणामुळे उठलेलं गाव, मागं राहिलेली म्हैस आणि कोल्हापूरकडची अशी बोली, की नाशिककर वाचक पहिली काही पानं ठेचकाळतो. तिसऱ्या बैठकीला कान बसला. मोबाइलवर मागवताना हे होत नाही. तिथं मी आधी वाचलं त्याच्यासारखंच पुन्हा पुढ्यात येतं.

त्या दुकानातली ‘इंधन’ मी विकत घेतली नाही, माझ्याकडे आहे. उचलली आणि कादंबऱ्यांच्या कप्प्यात, द अक्षराजवळ सरकवली. गल्ल्यावरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं, बोलले काही नाहीत. पुढच्या खेपेला ती तिथं नव्हती. विकली गेली की परत खाली गेली, ते मी वाकून पाहिलं. खालीही नव्हती.