पिल्लाचं नाक कशात घासता?

'मूत' हा शब्द वाचून ज्यांनी नाक मुरडलं त्यांनी खुशाल पान उलटावं. 'शी-शू' म्हणणाऱ्यांसाठी गुळगुळीत कागदाची मासिकं पुष्कळ निघतात. हा लेख मुताबद्दलच आहे. दोन महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या मुताबद्दल, आणि ते लादीवर पडलं की माणसाच्या अंगात जो फौजदार संचारतो त्याच्याबद्दल.

पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीत तीच, टॉवरात तीच. पिल्लू घरात मुतलं की मानगूट धरायची. फरफटत त्या ओल्यापाशी न्यायचं. नाक त्यात घासायचं. पाठीत दोन रट्टे हाणायचे आणि वर दरडावायचं, 'परत करशील?' आठ-पंधरा दिवस हा कार्यक्रम चालतो. मग एके रात्री पिल्लू गोणीत घालून लांबच्या नाक्यावर सोडून देतात. कुणी विचारलं तर उत्तर तयार. 'शिकतच नव्हतं साला.' खटला खलास, आरोपी तडीपार.

मी म्हणतो, हा खटला फेरतपासायला घ्या. आणि या खेपेला पिंजऱ्यात माणसाला उभा करा.

आधी पिल्लाचं अंग समजून घ्या. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपलं आपण मुततासुद्धा येत नाही. आई चाटते तेव्हा सुटतं, आणि ती चाटूनच साफ करते. तीन आठवड्यांच्या सुमाराला पायात बळ आलं की पिल्लू झोपायच्या जागेपासून लांब जाऊन उरकायला बघतं. हे त्याला कुठल्या मालकाने शिकवलं? कुणीच नाही. स्वच्छतेची ओढ ते जन्मासोबतच आणतं. पुढे आठ-नऊ आठवड्यांचं होतंय तोवर पायाखाली काय लागतं त्याची त्याला सवय जडायला लागते. माती लागली तर माती, कागद लागला तर कागद, लादी लागली तर लादी. नेमकं याच वयात आपण त्याला उचलून घरी आणतो आणि मातीचा पत्ता नसलेल्या खोलीत सोडतो.

काही पिल्लं तारेच्या पिंजऱ्यात वाढवून विकतात. खाणं, झोपणं, हगणं, सगळं त्याच दोन फुटांत. तिथे ही ओढच मारली जाते. असं पिल्लू शिकायला जास्त वेळ घेतं. मग लोक म्हणतात, 'जातच घाणेरडी.' घाणीत कोंडून ठेवायचं आणि मग घाणेरडं म्हणून शिव्या द्यायच्या. ही चाल आपल्या ओळखीची वाटते ना? वाटू द्या.

आता पोटाचा हिशेब. मी गोदीत काम करतो. तिथे प्रत्येक हुकावर, प्रत्येक शॅकलवर किती टन उचलायचं ते कोरलेलं असतं. दोन टनांच्या गिअरवर तीन टन चढवले की ते तुटणार. तुटल्यावर शॅकलला लाथा घालणारा शहाणा अजून माझ्या बघण्यात नाही. पिल्लाच्या फुग्यावरही आकडा कोरलेला आहे, आपण वाचत नाही एवढंच. ढोबळ हिशेब असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त दम धरतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. तेही बहुधा झोपेत. जागं असलं, खेळत असलं तर त्याच्या कितीतरी आधी. तुम्ही त्याला सकाळी कोंडून आठ तासांच्या पाळीला जाता आणि संध्याकाळी येऊन हिशेब मागता? तीन तासांच्या मालावर आठ तास चढवणारा कोण? त्याचं नाक कशात घासायचं?

आता बोंबा ऐका. तीनच बोंबा आहेत, फिरून फिरून त्याच.

पहिली बोंब: 'मारल्याबिगर शिकत नाही.'

शिकतं की. पण काय शिकतं ते बघा. कुत्रं आपली करणी आणि तिचं फळ यांची गाठ एक-दोन सेकंदांत बांधतं. दहा मिनिटांनी रट्टा हाणला तर त्याच्या डोक्यात मुताचा आणि रट्ट्याचा काही संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की हा माणूस घरात आला आणि खाली ओलं असलं की हा खवळतो. मग ते खाटेखाली जाऊन मुततं, कपाटामागे हगतं. रस्त्यावर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, कारण तुमच्यासमोर केलं की मार बसतो हा धडा तुम्हीच दिलेला असतो. घरी परत आणलं की कोपरा गाठून मोकळं होतं. मग तुम्ही म्हणता, 'बघा, मुद्दाम करतंय.'

काही पिल्लं तर तुम्ही दारात दिसलात की शेपूट पोटाखाली घालून तिथंच सोडतात. ते भीतीचं नाहीतर आनंदाचं मूत. त्यावर ओरडलात तर आणखी सोडतील. आल्या आल्या त्याच्या अंगावर वाकू नका, गलका करू नका. खाली बसा, त्याला आपणहून येऊ द्या. बहुतेकांचं वयाबरोबर सुटतं.

दुसरी बोंब: 'त्याला सगळं कळतं. बघा कसं चोरासारखं तोंड केलंय.'

हे चोरासारखं तोंड एका अमेरिकन बाईने तपासलं. अलेक्झांड्रा होरोविट्झ तिचं नाव. २००९ साली तिचा प्रयोग छापून आला. १४ पाळीव कुत्री घेतली. मालकाने समोर खाऊ ठेवायचा, 'खायचं नाही' म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे काही कुत्र्यांना खाऊ मिळू दिला, काहींना नाही. परतलेल्या मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. निघालं काय? ते अपराधी तोंड गुन्ह्यावर अवलंबून नव्हतं. ते मालकाच्या खवळण्यावर अवलंबून होतं. आणि ज्या कुत्र्यांनी काही केलंच नव्हतं पण बोलणी खाल्ली, त्यांचं तोंड सगळ्यांत अपराधी.

म्हणजे तुम्ही ज्याला कबुलीजबाब म्हणता ती भीती आहे. दोन थोबाडीत खाल्ल्यावर निरपराध माणसाचा चेहरा कसा होतो, ते आपल्या वस्तीत कुणाला शिकवायला नको.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. जनावराला मारहाण त्यात गुन्हा ठरवली, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला १० ते ५० रुपये. मुंबई महापालिकेने २००६ साली स्वच्छतेचे उपविधी केले, त्यात पाळीव जनावराची रस्त्यावरची घाण न उचलल्याला दंड ५०० रुपये. कुत्रा हगला तर पाचशे, कुत्र्याला हाणलं तर पन्नास. लिहिणाऱ्याला कशाची जास्त शिसारी होती ते आकडेच सांगतात.

तिसरी बोंब सगळ्यांत सभ्य. तिला आवाजसुद्धा नाही. 'राहू दे, बाई येईल आणि पुसेल.'

इथे थांबा दोस्तहो, कारण खरी गोम इथे आहे. पिल्लू साहेबाने आणलं. नाव साहेबाने ठेवलं, फोटो साहेबाने काढले. सकाळी नऊला ते दिवाणखान्यात मुतलं. साहेबाने पाय वर घेतले आणि कामवाल्या मावशीची वाट बघितली. मावशी चार घरं करून अकराला आली. तिच्या पगारात कुत्र्याचं हगणं-मुतणं धरलंय का? कुणी विचारलं? फडकं तिच्या हातात, नाकाला रुमाल साहेबाच्या.

आणि पांढरपेशांवरच घसरून हात झटकू नका. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या आपल्यातल्या कैक पोरांनी गल्लीतलं पिल्लू मोठ्या मायेने घरी आणलंय. लादी कोण पुसतं? आई. नाहीतर बहीण. सभेत समता, घरात फडकं आईच्या हातात. पिल्लाला लळा लावायचा आपण आणि वाकायचं बाईमाणसाने. ही कुठली चळवळ?

या देशात मूत कधी नुसतं मूत नसतं. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती तेव्हा तळं बाटत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्या मागची माणसं पाणी प्याली तेव्हा ते बाटलं. मग १०८ घागरींचा विधी झाला. शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. माणसाच्या ओंजळीने बाटतं आणि जनावराच्या मुताने शुद्ध होतं, असं ज्यांचं शास्त्र, त्यांच्या घरात लादी कुणी पुसायची हे जातच ठरवणार. आपण ते शास्त्र फेकून दिलंय. आपल्या लेखी मूत म्हणजे पाणी, क्षार आणि युरिया. विटाळ त्यात नाही. वास आहे. तो काढता येतो, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत सांडलं त्याने लगेच काढायचा असतो.

लगेच का? नऊचं ओलं अकरापर्यंत लादीच्या सांध्यात मुरतं. शहाबादी फरशी असली तर आणखीच. आपल्याला वास येईनासा झाला तरी कुत्र्याच्या नाकाला येतो, आणि तो वास त्याला सांगतो, 'इथंच.' म्हणून ही कृती वाचा:

जुनं फडकं नाहीतर कागद वरून दाबून ओल टिपून घ्या. घासू नका, घासल्याने पसरतं. पाण्याने पुसा. मग एन्झाइमवालं क्लीनर ओता, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्या, मग पुसा. त्यातली एन्झाइमं वासाचा माल तोडतात. ते परवडत नसेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. त्याने पुष्कळसा वास मरतो, सगळा नाही. अमोनियावालं काही वापरू नका. मुतातला युरिया कुजून अमोनियाच होतो, म्हणजे तुम्ही तिथे पाटी लावल्यासारखं. आणि काळं फिनाइल तर नकोच. पिल्लाचे पाय त्यात पडतात, ते पाय चाटतं, ते विष पोटात जातं.

आता शिकवायचं कसं? दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा जमतं. झोपून उठलं की, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळून झालं की, रात्री निजायच्या आधी. एवढ्या वेळा त्याला उचलून ठरल्या जागी न्यायचं. मधेच ते हुंगत गोल फिरायला लागलं की समजायचं, वेळ आली. खाणं ठरल्या वेळी द्या, म्हणजे जाणंही वेळेवर येतं. रात्री एकदा तुम्हालाच उठावं लागेल. कागदावरची सवय लावली तर पुढे ते जमिनीवर पडलेल्या पेपरवरही बसणार. गोणपाटावर लावली तर दारातलं पायपुसणं संपलं. म्हणून मोरीजवळ किंवा गॅलरीत एक घमेलं ठेवा, त्यात माती. पायाला मातीची सवय लागली की पुढे मोकळ्या जागेत न्यायला सोपं. पण गॅलरी सगळ्यांची. घमेल्यातली घाण रोज आपण उचलायची, शेजारणीने नाही.

लस पुरी होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या घाणीत सोडू नका. पार्वो नावाचा रोग त्यातूनच येतो आणि पिल्लं पटापट मारतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. घमेल्याचा उपयोग तोवर.

ठरल्या जागी केलं की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि चपातीचा एवढासा तुकडा. घरात करताना सापडलं तर हलकेच टाळी वाजवा, उचला, जागी न्या. नंतर सापडलं तर तोंड बंद ठेवा, फडकं घ्या. आणि महिनोन्‌महिने नीट वागणारं कुत्रं अचानक घरात मुतायला लागलं, वारंवार थोडं थोडं करायला लागलं, तर तो आजार असू शकतो. डॉक्टर गाठा. परळला जनावरांचा जुना दवाखाना आहे.

कामावरून आठ तास सुटका नसेल आणि घरात दुसरं कुणी हौसेने बघणारं नसेल, तर पिल्लू आणूच नका. गल्लीत राहू द्या, तिथे जाऊन खायला घाला. ती माया कमी दर्जाची नाही. आणून, मारून, गोणीत घालून सोडणं ही मात्र मायाच नव्हे.

सत्ता म्हणजे काय हे आपण आजवर खालून बघत आलो. दोन महिन्यांचं पिल्लू घरात आलं की पहिल्यांदा आपण वर असतो आणि खाली कुणीतरी असतं. त्याला भाषा नाही, वकील नाही, युनियन नाही. त्या दोन वितीच्या जिवाशी तुम्ही कसे वागता, त्यावरून मी तुम्हाला ओळखीन. भाषणावरून नाही.

मूत सुकायच्या आत फडकं उचला. आणि ते तुमच्याच हातात असू द्या.