चित्रात माणूस कुठे आहे?

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत आला. त्याने पाहिलेल्या मुंबई बेटाची बारा दृश्ये तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने कोरून १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा तो हयात नव्हता. माझगावच्या टेकडीवरच्या बेलमाँटहून दिसणारा देखावाही त्यांत आहे. माड, डोंगर, खाडी, गलबते. ही चित्रे पाहून आजचा सुशिक्षित मराठी माणूस उसासा टाकतो, 'काय सुंदर होती हो मुंबई!'

हा उसासा आम्हाला मान्य नाही. सुंदर कोणासाठी होती? इथल्या मातीत आणि चिखलात राबणारे कोळी, भंडारी, कुणबी अशा चित्रांत नखाएवढे असतात, झाडाची उंची कळावी म्हणून उभे केलेले. त्यांना नाव नाही, जात नाही, सारा नाही, कर्ज नाही. साहेब गिऱ्हाइकाला मुलूख हवा होता, मुलखातली माणसे नकोत. पुण्यात वेल्सच्या हाताखाली काम केलेल्या गंगाराम तांबटाने वेरूळची लेणी रेखाटली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. किती मराठी घरांना त्याचे नाव ठाऊक आहे?

आता टेकडी उतरून रे रोडला या. गव्हर्नर लॉर्ड रे याचे नाव मिरवणारे हे स्टेशन १९१० सालचे. पलीकडे दारूखाना. इथे पिढ्यान्‌पिढ्या मजुरांनी गॅसकटरने जहाजे फोडली. त्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे मुसलमान पुष्कळ. तांबे इथेही निघाले, हात इथेही भाजले. पण हे तांबे काट्यावर गेले, भिंतीवर नाही.

बंदराच्या जमिनीच्या विकासासाठी केंद्र सरकारने २०१४ साली समिती नेमली. त्यानंतर या किनाऱ्याची नवी चित्रे निघाली. त्यांत उद्याने आहेत, पाण्यालगत फिरायच्या वाटा आहेत. माणूस पुन्हा नखाएवढाच, आणि तोही फिरायला आलेला. इथे राबणारा कुठे जाणार, ते चित्र सांगत नाही.

आणि आम्ही मुस्लिम मराठी लेखक तरी वेगळे काय करतो? आमच्या कथांत कोकण येते ते माडा-पोफळींचे, मशिदीच्या पायरीवरच्या संध्याकाळचे. खोताचे कूळ येत नाही, वाटणीत बहिणीचा बुडवलेला हिस्सा येत नाही. आम्हीही साहेबाच्याच टेकडीवर उभे आहोत. आधी आपण खाली उतरू, मग दुसऱ्यांना जाब विचारू.