बंदोबस्त सरकारचा, झळ घरची

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री पंढरपुरात महाद्वार घाटावर मी दोर धरून उभी होते. दोराच्या दुसऱ्या टोकाला आमच्याच पथकातली एक पोरगी. नदीकडून येणारा आणि नदीकडे जाणारा लोंढा एकमेकांत मिसळू द्यायचा नाही, एवढेच आमचे काम. एका म्हातारीने माझा दंड धरला. "पोलीसबाई, दर्शनबारी कुणीकडनं हाय?" मी वाट दाखवली आणि सवयीने म्हटले, "पोलीस नाही आजी, होमगार्ड." तिने माझ्या खाकीकडे एकदा वर-खाली पाहिले. "म्हंजी काय गं?"

माणदेशातल्या एका तालुका पथकात मी बावीस वर्षे काढली. एरवी घरी शिवणकाम आणि पिको-फॉल. इतक्या वर्षांत आजीच्या त्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. वयोमर्यादेमुळे खाकी उतरल्यावर वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या लेकीने एक दिवस आमच्या कायद्याची प्रत आणून मशीनवर ठेवली. मुंबई होमगार्ड कायदा, १९४७. थोडीच पाने आहेत. ज्या कायद्याखाली उभी हयात राबले तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला, आणि आजीला उत्तर का देता येत नव्हते ते कळले.

या कायद्याची गोष्ट अशी. १९४६ च्या सप्टेंबरात मुंबईत दंगली पेटल्या. पोलीस अपुरे, लष्कर इंग्रजांचे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मोरारजी देसाई गृहमंत्री होते. ६ डिसेंबर १९४६ रोजी त्यांच्या पुढाकाराने होमगार्ड उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी कायदा आला. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली आणखी दोन कायदे झाले, एनसीसीचा आणि टेरिटोरियल आर्मीचा. फाळणीच्या जखमा ओल्या, काश्मीरमध्ये लढाई सुरू, तिजोरीत खडखडाट. अशा वेळी नव्या देशाने नागरिकांनाच हाक दिली की, आपापले पोटापाण्याचे काम सांभाळून या आणि देशाला हात द्या. पुढे १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना होमगार्डची एकच घडी बसवायला सांगितली. या सगळ्याचा मला अभिमान आहे. मोरारजीभाईंच्या पिढीने हे दल उभे केले नसते तर माझ्यासारखी सातवीत शाळा सुटलेली बाई हजारोंच्या गर्दीसमोर कधी ताठ उभी राहिली नसती.

पण कायद्यातला एक शब्द मला आता खुपतो. स्वयंसेवक. कायदा म्हणतो, हे स्वयंसेवकांचे दल. माणसांचे रक्षण, मालमत्तेची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुरक्षितता हे त्यांचे काम. बोलावणे आले की होमगार्डला पोलिसाचेच अधिकार आणि पोलिसाचेच संरक्षण. बरोबर. पण त्याच कायद्यात असेही आहे की, बोलावल्यावर हजर झाला नाहीस किंवा हुकूम मोडलास तर खटला होऊन कैद किंवा दंड होऊ शकतो. लेकीने हे वाचून दाखवले तेव्हा मी मशीन थांबवले. नाही म्हटले तर शिक्षा होते, तो स्वयंसेवक कसा?

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा गिरणीतला कारकून, शाळेतला मास्तर, पेढीवरचा माणूस असावा. दिवसा पगाराचे काम, संध्याकाळी कवायत. त्याला भत्ता मिळाला काय, न मिळाला काय, चूल पेटत होती. आमच्या पथकात असे किती जण होते? एक डी.एड. होऊन बसलेला, एक एमआयडीसीत कंत्राटी, तिघी शेतमजूर, एकीची भाजीची गाडी. या सगळ्यांची चूल बंदोबस्ताच्या भत्त्यावर होती. गणपती, नवरात्र, यात्रा, निवडणूक आली की सलग पंधरा-पंधरा दिवस ड्यूटी, आणि मग दोन-दोन महिने फोन नाही. फोन येईल म्हणून दुसरे काम धरायचे नाही. धरले आणि फोन आला, तर ते काम सुटणार. टेरिटोरियल आर्मीच्या कायद्यात नंतर कलम घातले गेले की, सेवेवर बोलावलेल्या माणसाला मालकाने रजा द्यावी आणि परत कामावर घ्यावे. आमच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला जी पोरगी होती, तिची कापड दुकानातली नोकरी त्याच वारीत गेली. तिच्यासाठी मालकाला शब्द टाकायला कुणी आले नाही.

लेकीच्या पुस्तकात अमेरिकेचाही असाच एक कायदा होता. १७९२ चा. तोही नुकताच जन्मलेला देश. आदल्या वर्षी नोव्हेंबरात तिथल्या मूलनिवासी टोळ्यांनी अमेरिकन फौजेचा दारुण पराभव केला होता. मोठी फौज पोसायला पैसा नाही आणि कायमच्या फौजेची लोकांना भीतीही. म्हणून कायदा झाला की, १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुष नागरिकाने मिलिशियात नाव नोंदवायचे. काळ्या माणसाला त्यात जागा नव्हती, तो कलंक वेगळाच. आणि नाव नोंदवले की सहा महिन्यांत बंदूक, संगीन, दोन जादा चकमकी आणि २४ काडतुसे स्वतःच आणायची. पदरमोड करून! पुष्कळांकडे बंदूक आलीच नाही. अखेर १८०८ साली तिथल्या संसदेने मिलिशियाच्या हत्यारांसाठी दरवर्षी दोन लाख डॉलर देण्याचा कायदा केला. नागरिकाला नुसते कर्तव्य सांगून भागत नाही, हे कायद्यात उतरायला त्यांना सोळा वर्षे लागली.

आमचा कायदा पंचाहत्तरी ओलांडून गेला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल, पंजाब आणि दिल्लीच्या होमगार्डांच्या दाव्यांत सांगितले की, त्यांना कायम करता येणार नाही, पण दिवसाचा भत्ता इतका तरी हवा की तीस दिवसांचे मिळून पोलिसाच्या किमान वेतनाइतके होतील. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरात भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये झाला. त्या दिवशी आमच्या पथकातल्या बायकांनी मला फोन करून पेढे खायला बोलावले. मी गेले, आनंदाने गेले. पण दिवसाला १,०८३ म्हणजे महिन्याला किती, हे कुणालाच सांगता येईना, कारण किती दिवस बोलावतील ते कायद्यात नाही. भत्ता शासन निर्णयाने वाढतो, आणि शासन निर्णय उद्या दुसराही निघू शकतो.

एकदा घाटावरच्या रेटारेटीत माझे मनगट दोर आणि खांब यांच्यामध्ये सापडले. हाड मोडले. बांबूच्या खपच्या आणि ओढणी बांधून मी पहाटेपर्यंत जागेवर होते, कारण बदली नव्हती. उपचाराचा खर्च मागितला तर कागद त्रुटी काढून परत आला, की ड्यूटीच्या नोंदवहीत वेळेची नोंद नाही. दीड महिना मला कात्री धरता आली नाही. मी रुखवताची शिलाई परत केली आणि शेजारणीकडून उसने घेतले. आमच्या दलाचे ब्रीद आहे, निष्काम सेवा. ते मी मनापासून पाळले. दुखापतीचे बिल भरणे निष्काम सेवेत येत नाही.

माझी मागणी पोलीस करा अशी नाही. १९४७ च्या त्या कायद्यातच तीन गोष्टी लिहा. वर्षातून किमान इतके दिवस काम मिळेल, याचा आकडा. ड्यूटीवर इजा झाली तर उपचार सरकारचा, आधी उपचार आणि कागद नंतर. आणि बंदोबस्तावर गेलेल्या माणसाला मालकाने काढायचे नाही. हे करायला दिल्लीला जावे लागत नाही. कायदा राज्याचा आहे, विधिमंडळ बदलू शकते.

६ डिसेंबर हा आमचा स्थापना दिवस. त्या दिवशी दादरला चैत्यभूमीवर महामानवाला वंदन करायला लाखो माणसे येतात आणि त्या गर्दीत होमगार्ड उभे असतात. त्याच सुमाराला नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते. विधानभवनाबाहेरच्या बंदोबस्तातही होमगार्ड असतात. तुमच्या मतदारसंघाचा आमदार त्यांच्या समोरूनच आत जातो. या वेळी जाण्याआधी त्याला एवढे विचारा, की बाबा, हा १९४७ चा कायदा तू वाचला आहेस का?